गुलमर्ग ऑफ-पिस्ट: गाइड आणि भाड्याचा बीकन असला की झालं ना?

गारठलेला_पुणेकर:
नमस्कार मंडळी. गुलमर्गला बेसिक आणि इंटरमीजिएट दोन्ही स्की कोर्स झालेत. आता फेब्रुवारीत आम्ही चौघं परत जातोय आणि गोंडोलाच्या (रोपवेच्या) फेज २ ने वर अफरवट शिखराकडे जाऊन ऑफ-पिस्ट, म्हणजे आखलेल्या ट्रॅकच्या बाहेरून, उतरायचं डोक्यात आहे. गाइड ठरलाय, बीकन (गाडलेल्या माणसासाठी सिग्नल सोडणारं आणि शोधणारं यंत्र), प्रोब (बर्फात टोचून बघायची लांब काठी) आणि फावडं तिथेच भाड्याने मिळेल म्हणाला. पण बायकोने २०२३ ची बातमी वाचली, तिथेच ॲव्हलांचमध्ये (हिमस्खलनात) दोन पोलिश स्कीअर गेले ती, आणि तेव्हापासून घरी रोज हाच विषय. एवढं पुरेसं आहे ना? फोनमध्ये लोकेशन असतंच शिवाय.

इन्सब्रुककर:
नाही रे बाबा. फोन तर विसरच. आणि तुझा बीकन तुला वाचवत नाही, मित्राच्या हातातला वाचवतो, तोही त्याला वापरता आला तर. पूर्ण गाडला गेलेला माणूस पहिल्या १० मिनिटांत काढला तर दहातले नऊ जगतात, अर्ध्या तासाने जेमतेम तीन. एवढ्यात खालून कोण येणार? उरलेले तिघं म्हणजेच रेस्क्यू टीम.

तेव्हा प्रॅक्टिस पुण्यातच करा, त्याला बर्फ लागत नाही. वेताळ टेकडीवर जा, एकाने सेंडवर (सिग्नल सोडत) ठेवलेला बीकन डब्यात घालून पाचोळ्याखाली लपवायचा, बाकीच्यांनी पाठ करून उभं राहायचं, मग घड्याळ लावून शोधायचं. बीकनवरचा बाण सरळ नेत नाही, वळसा घालत नेतो, नवीन माणूस तिथेच गडबडतो. बीकनवरचा अंतराचा आकडा ३ मीटरच्या खाली आला की धावणं बंद, वाकून बीकन जमिनीलगत हळू सरकवायचा. शोधताना फोन अर्धा मीटर तरी लांब, नाहीतर बीकन येड्यासारखा करतो. आणि बर्फात प्रोब माणसाला लागला की तो तिथेच सोडून उताराच्या खालच्या अंगाने आडवं खणत जायचं, वरून विहीर खणत बसायचं नाही. थांबलेला बर्फ सिमेंटसारखा बसतो, फावडं धातूचंच हवं.

मनालीची_मावशी:
वरचं सगळं बरोबर, पण ती वेळ येऊच नये यासाठी बर्फ बघायला शिका की. डिसेंबरात थोडा बर्फ पडतो, मग कोरडी थंडी पडली की त्या थराची खाली साखर होते. मुठीत दाबून बघ, तूप कमी पडलेल्या रव्यासारखी, लाडू वळतच नाही. त्यावर जानेवारीचा नवा बर्फ आणि वाऱ्याने आणून टाकलेला थर घट्ट पाटीसारखा बसतो आणि कुणीतरी वर पाय ठेवला की पाटीच्या पाटी निघते, बहुतेक वेळा अडकलेल्यानेच किंवा त्याच्याच ग्रुपमधल्या कुणीतरी मोडलेली असते. ३० ते ४५ अंशांचे उतार सगळ्यात वाईट, आणि स्कीवाल्यांना नेमके तेच आवडतात. फोनमधल्या ॲपने उतार मोजता येतो, फोन त्यासाठी घ्या. जोरदार बर्फ पडल्यावर दोन दिवस तरी खाली कहवा पीत बसा.

आणि गाइड असण्यावर फार जाऊ नका. मी एकदा एकाबरोबर होते (नाव नको), बर्फ पडून गेल्याच्या दुसऱ्याच सकाळी छान ऊन म्हणून त्याने आम्हा पाचही जणांना एकदम उतारावर सोडलं. एकेक करून जायचं असतं हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं. मध्येच पायाखाली व्हूम्फ असा दबका आवाज, आणि माझ्या स्कीच्या टोकापासून एक भेग पंधरा फूट सरळ पळत गेली. पाटी निघाली नाही, एवढंच. संध्याकाळी त्याला विचारलं तर म्हणे, मॅडम, दस साल से जाता हूँ.

दगडफोड्या:
मावशींना अनुमोदन. ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा-२ वर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी ॲव्हलांचमध्ये सापडली, २५ हून जास्त लोक गेले. त्यात प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या, त्याच वर्षी मे मध्ये १६ दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू दोन्ही केलेल्या. बर्फाला कुणाचा बायोडेटा दिसत नाही.

गारठलेला_पुणेकर:
ऑफिसातल्या एकाकडून दोन बीकन उसने आणून रविवारी टेकडीवर गेलो. १९ मिनिटं!! त्यातही मी डब्याच्या अलीकडे दोन पावलांवर गोल गोल फिरत होतो आणि फिरायला आलेल्या एका आजोबांनी काय हरवलंय म्हणून विचारलं. आता दर रविवारी जाणार. गाइडला विचारलं ताज्या बर्फानंतर किती दिवस थांबतोस, उत्तर आलं "सर टेन्शन मत लो". दुसरा शोधतोय, कुणाच्या माहितीत असेल तर व्यनि (खाजगी मेसेज) करा.