क्रेझी क्विल्ट: कापड कुठलं, सजावट कुठली? (सोसायटी महिला ग्रुप)

अश्विनी, बी ३०४: हॉलच्या भिंतीसाठी क्रेझी क्विल्ट ठरलं, म्हणजे वेड्यावाकड्या तुकड्यांची, सांध्यांवर भरतकाम केलेली गोधडी. १२ घरं, घरटी एक चौकोन, शिवून १२ बाय १२ इंच. जुन्या साड्या आणि ब्लाऊजपीस सगळ्यांकडे आहेत. त्यातलं काय घ्यायचं आणि काय नको, सांगा की काकू.

सुनंदाकाकू, ए १०२: आधी पाया ठरवा, म्हणजे तुकडे ज्यावर शिवायचे ते खालचं कापड. मांजरपाट घ्या, इचलकरंजीचं ग्रे (मागावरून आलेलं, न धुतलेलं-रंगवलेलं) कापडही उत्तम. पण कापण्याआधी गरम पाण्यात भिजवून त्यातली कांजी काढा, वाळवा, इस्त्री करा. कोरं वापरलं आणि पुढं कधी ओल लागली की पाया आकसतो, वरचं रेशीम फुगून उठतं. पाया १४ इंचांचा कापा. भरतकामानं कापड आत ओढलं जातं, म्हणून भरून झाल्यावरच साडेबारा इंचांवर छाटायचं. पाव-पाव इंच शिवणीत जातं.

रेश्मा, सी २०१: म्हणजे वाकळंसारखंच ना?

सुनंदाकाकू, ए १०२: नाही गं. वाकळंत धावदोरा सगळे थर धरून ठेवतो. इथं मध्ये कापसाचा थर बहुतेक घालत नाहीत. तुकडे पायावर बसतात, भरतकाम सांध्यांवर येतं आणि मागचं अस्तर जागोजागी गाठी मारून धरतात. पांघरायची वस्तू नाही ही, म्हणूनच रेशीम, मखमल, जरीचं कापड चालतं.

अश्विनी, बी ३०४: जुनी रेशमी साडी चालेल?

सुनंदाकाकू, ए १०२: तपासून. उजेडासमोर धरा, मग दोन्ही अंगठ्यांनी उभं-आडवं ताणून बघा. घडीच्या रेषेवर बारीक चिरा दिसल्या की तो भाग सोडा, खाली फ्युजिंग (इस्त्रीनं चिकटणारं अस्तर) लावूनही तो पुढं फाटतच जातो. १८८० च्या दशकात अमेरिकेत ही क्विल्टं फार लोकप्रिय होती. त्यातल्या कितीतरींचं रेशीम आज पट्टीपट्टीनं चिरलेलं आहे. वजन भरावं म्हणून रेशमाला धातूचे क्षार पाजत, त्यांनीच धागा खाल्ला. बाजूचं साधं सुती कापड मात्र धड राहिलं. तेव्हा दिसायला भारी आहे एवढ्यावर तुकडा निवडू नका.

रंगाचीही परीक्षा करा. ओल्या पांढऱ्या सुती फडक्यावर तुकडा ठेवून इस्त्री दाबा. लाल, मरून, काळा यांवर जास्त लक्ष. फडक्याला रंग लागला तर वेगळं धुऊन परत बघा, तरी जात असेल तर बाद.

रेश्मा, सी २०१: काठ भरपूर घातले तर जास्त उठून दिसेल ना?

मंगलवहिनी, ए ४०३: उलट होतं रेश्मा. काठ आणि बुट्टे जिथं तिथं असले की त्यावरचा टाका दिसतच नाही. चौकोनाला ८ ते १२ तुकडे पुरतात. निम्मे एकरंगी ठेवा, दोन-तीन बारीक बुट्टीचे, बाकी खण, इरकलीचा पदर, पैठणीचा काठ. दोन काठ शेजारी-शेजारी नकोत. काठ सरळ पट्टीसारखा लावला की लांब सरळ रेषा येते आणि चौकोन पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो, म्हणून तो तिरका, एका बाजूला निमुळता कापा.

खणाची कड उसवते, तिथं पाव इंचाऐवजी अर्धा इंच शिवण सोडा. साटीन आणि जॉर्जेट सरकतं, मागून पातळ फ्युजिंग लावल्याशिवाय कापू नका. मखमलीचा एकच तुकडा घ्या, शिवताना पळते म्हणून आधी टाचून घ्या. इस्त्री उलट्या बाजूनं, खाली टॉवेल घालून, नाहीतर लव बसते ती बसतेच. तिच्यावर बारीक टाके बुडतात, जाड दोरा घ्या.

अश्विनी, बी ३०४: जोडायचं कुठून?

मंगलवहिनी, ए ४०३: मधून. तीन-चार इंचांचा पाचकोनी तुकडा सुलटा ठेवा. दुसरा त्यावर सुलट्याला सुलटा, एका कडेनं टीप, मग उलटून इस्त्री. असंच गोल फिरत बाहेर जा. प्रत्येक वेळी इस्त्री हवीच, नाहीतर सांध्यात झोळ राहतो आणि भरताना तो लपत नाही.

रेश्मा, सी २०१: आणि दोरे, मणी?

मंगलवहिनी, ए ४०३: सहा पदरी दोऱ्याचे सांध्यांसाठी तीन पदर, बारीक फुलांसाठी दोन. दोरा दीड फुटांचा. जरीचा दोरा कापडातून ओढत राहिलात तर त्याची साल निघते. तो वर आडवा ठेवून बारीक दोऱ्यानं टाचायचा. आधी सांध्यावर हेरिंगबोन, फेदर किंवा काज्याचा टाका. मग त्याच्या टोकांना लेझी डेझी, फ्रेंच नॉट. टाका पायातूनही आरपार गेला पाहिजे, नुसत्या रेशमात अडकला तर वजनानं रेशीम ओढलं जातं.

मणी, आभळे, टिकल्या अगदी शेवटी. आधी लावलं तर दोरा त्यात अडकतो आणि रिंगनं मणी फुटतात. मण्यांना दुहेरी नायलॉन, दर चार-पाच मण्यांनी मागं गाठ, म्हणजे एक तुटला तरी माळ ओघळत नाही. छाटायच्या रेषेपासून इंचभर आत काहीही टणक नको. चौकोन जोडताना मशिनचा पाय त्यावर चढतो आणि सुई मोडते. टिकल्या लावल्यावर वरून इस्त्री नाही, प्लॅस्टिक वितळतं. आणि चिकटवायचे खडे नकोत, डिंक रेशमावर डाग सोडतो. महाद्वार रोडच्या दुकानांत घेताना भोकं असलेलेच खडे मागा.

सुनंदाकाकू, ए १०२: टांगायला मागं वरच्या कडेला चार इंची कापडी बोगदा शिवू, त्यातून दांडी जाईल. दोन कड्यांवर लटकवलं तर मधून पोट पडतं. आणि बाहेरची भिंत नको, आपल्याकडच्या पावसात ती ओल धरते, जरीचे धागे काळे पडतात. जिन्याकडची आतली भिंत बरी.

अश्विनी, बी ३०४: ४८ इंची पन्ह्यात १४ चे तीन बसतात, १२ साठी चार ओळी, ५६ इंच. आकसणं धरून पावणेदोन मीटर आणते. धुऊन, कापून रविवारी घरोघरी देते. तोवर सगळ्यांनी तुकड्यांची रंगपरीक्षा उरकून ठेवा.