वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट (वॉव) गेम: रिक्रूट अ फ्रेंडने (मित्राला गेममध्ये आणायची योजना) दोन अकाउंट जोडली तर लेव्हलिंग किती वाढतं?

धूमकेतू_७
रिटेलमध्ये (गेमच्या सध्याच्या आवृत्तीत) नवीन मेज (जादूगार कॅरेक्टर) वरच्या लेव्हलला न्यायचाय. एका गाइडमध्ये लिहिलंय की जोडलेल्या अकाउंटना तिप्पट एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) मिळतो, शिवाय नवीन अकाउंट जुन्याला लेव्हल देऊ शकतं. कॅरेक्टरच्या पोर्ट्रेटवर (स्क्रीनवरच्या चित्रावर) राइट क्लिक केलं तर लेव्हल देण्याचा पर्यायच दिसत नाही. काय राहिलंय? आणि मित्र नसेल तर दुसरं अकाउंट स्वतः काढून दोन्ही विंडो आपणच चालवणं परवडतं का?

चिलखत
तुझं काही राहिलेलं नाही, गाइड जुनं आहे. तिप्पट एक्सपी आणि लेव्हल देणं ही २००८ ला आलेली पद्धत. तेव्हा नवीन अकाउंटने २ लेव्हल चढवल्या की जुन्या अकाउंटच्या कमी लेव्हलच्या कॅरेक्टरला १ देता यायची. २०१८ मध्ये ती बंद केली. २०१९ च्या ८.२.५ पॅचमध्ये (गेमच्या अपडेटमध्ये) योजना परत आली ती वेगळ्या रूपात: पार्टीत (खेळाडूंच्या गटात) एकत्र असताना ५० टक्के जादा एक्सपी, एकमेकांकडे टेलिपोर्ट, आणि रिक्रूटने (लिंकवरून आलेल्या मित्राने) विकत घेतलेल्या गेम टाइमच्या महिन्यांवर माउंट (स्वारीचा प्राणी), पेट (पाळीव प्राणी) यांसारखी बक्षिसं. लेव्हल देणं गेलं ते गेलंच.

लिंक गेममध्येच मिळते. ओ (O) ही की दाबून फ्रेंड्स लिस्ट उघड, रिक्रूट अ फ्रेंडचा टॅब घे. समोरचा एकतर अगदी नवा हवा, नाहीतर त्याचं अकाउंट २ वर्षं बंद पडलेलं हवं. अकाउंट आधी काढून मागून लिंक लावू असं करू नका, नोंदणी त्या लिंकवरूनच व्हायला हवी. फुकटचं स्टार्टर अकाउंट लेव्हल २० ला अडतं आणि त्यावरून पार्टीचं इन्व्हाइट पाठवता येत नाही. इन्व्हाइट नेहमी पैसे भरलेल्या अकाउंटवरून टाका.

तिरंदाज
५० टक्के ऐकून लोक मॉब (गेममधले शत्रू) मारत सुटतात आणि तिथेच फसतात. क्लासिकचं (गेमच्या जुन्या आवृत्तीचं) गणित घ्या. मॉबचा एक्सपी पार्टीत वाटला जातो, आणि दोघांच्या पार्टीला ग्रुप बोनस शून्य. तो तिसऱ्या माणसापासून सुरू होतो. म्हणजे १०० चा मॉब दोघांत ५०-५०. वाटाही लेव्हलच्या प्रमाणात: ६० च्या सोबत २० चा असेल तर ८० पैकी २०, फक्त पाव हिस्सा. मोठ्या कॅरेक्टरने ओढून नेण्यात त्यामुळे वाटतं तेवढा दम नाही.

क्वेस्टचा (गेममध्ये मिळणाऱ्या कामाचा) एक्सपी मात्र वाटला जात नाही, दोघांना पूर्ण मिळतो. बोनसचं खरं काम तिथे. रिटेलमध्ये लेव्हलमध्ये फरक असेल तर पोर्ट्रेटच्या मेनूतून पार्टी सिंक लावा: मोठ्याची लेव्हल खाली येते आणि दोघांच्या क्वेस्ट जुळतात. क्वेस्ट घेताना आणि देताना दोघं एकाच ठिकाणी असू द्या. एक पुढे पळाला की पुढची क्वेस्ट एकालाच दिसते, मग दुसऱ्यासाठी मागे फिरा.

रात्रपाळी
एकट्याने दोन विंडो चालवायच्या असतील तर क्वेस्ट निवडून घे. 'अमुक इतके मारा' प्रकारात एकदा मारलं की दोघांची मोजणी वाढते. 'अमुक गोळा करा' मध्ये ज्या वस्तू प्रत्येकाला वेगळ्या उचलाव्या लागतात, तिथे वेळ जवळपास दुप्पट. त्या सरळ सोड.

मागच्या कॅरेक्टरला स्लॅश फॉलो (/follow, आपोआप मागे चालायची आज्ञा) लावता येतं, पण ते आडव्या दगडावर, पुलाच्या कडेला अडकतं आणि मागे राहून जातं. पुढचा मॉब मारण्याआधी एकदा मागे बघ. एकच की दोन्ही विंडोला पाठवणारं सॉफ्टवेअर वापरू नको. २०२० च्या नोव्हेंबरपासून इनपुट ब्रॉडकास्टिंगवर बंदी आहे, अकाउंट जाऊ शकतं. दोन अकाउंट हाताने चालवायला हरकत नाही.

केवळ एका मेजसाठी हे परवडणार नाही. दुसऱ्या अकाउंटची सबस्क्रिप्शन वेगळी, आणि एकटा माणूस दोघांना चालवताना प्रत्येक क्वेस्ट दोनदा घेतो, दोनदा देतो. जादाचे ५० टक्के त्यातच निघून जातात. मेज रात्री इनमध्ये (गेममधल्या धर्मशाळेत) लॉगआउट कर, म्हणजे रेस्टेड एक्सपी (विश्रांतीचा बोनस) साठतो. तो असेपर्यंत मारलेल्या मॉबचा एक्सपी दुप्पट होतो, फक्त क्वेस्टला हा बोनस लागू नाही.

धूमकेतू_७
समजलं. दुसरं अकाउंट रद्द. एक मित्र बऱ्याच वर्षांपूर्वी खेळायचा, त्याचे २ वर्षं भरलेत का ते विचारून लिंक त्यालाच पाठवतो.