हेलब्लेड २: गेम आहे की आठ तासांचा ट्रेलर?

रात्रपाळी
शनिवारी जेवणं उरकून 'सेनुआज सागा: हेलब्लेड २' सुरू केला, रविवारी दुपारी संपला. मधे झोपही झाली.

दिसायला काय आहे ते आधी कबूल करतो, नाहीतर इथे लगेच तुटून पडाल. दहाव्या शतकातलं आइसलँड, गुलाम वाहून नेणारं जहाज वादळात फुटतं आणि नायिका सेनुआ किनाऱ्याला लागते. ओला खडक, धुकं, तिच्या गालावर वाळत गेलेला चिखल. डोळ्यांचं पारणं फिटतं. गेम बनवायच्या 'अनरिअल इंजिन ५' या सॉफ्टवेअरमधून याहून देखणं काही अजून मी तरी पाहिलेलं नाही.

आता मी काय केलं ते सांगतो. ती खडकांच्या फटीतून अंग चोरून सरकत होती, खांदा घासत होता, श्वास कोंडत होता. मी डाव्या अंगठ्याने गेमपॅडची स्टिक पुढे दाबून धरली होती आणि उजव्या हाताने चहा पीत होतो. कप संपला तरी बाई फटीतच.

मारामारी कायम एकास एक. कोडी म्हणजे आजूबाजूच्या वस्तूंमध्ये ठरावीक आकार कुठून दिसतो ते शोधत फिरणं. वर-खाली काळ्या पट्ट्या. एक्सबॉक्सवर २०२४ साली आला तेव्हा सेकंदाला फक्त ३० फ्रेम (एफपीएस). एवढं सगळं सिनेमासारखं करायचं होतं तर सिनेमाच काढायचा.

पॅडवाली
आवाज कशावर ऐकलास?

रात्रपाळी
टीव्हीवर, बारीक करून. शेजारच्या खोलीत पोरगी झोपली होती.

पॅडवाली
मग तू अर्धाच गेम खेळलास, रात्रपाळी. सेनुआला सायकोसिस आहे, म्हणजे नसलेलं दिसण्या-ऐकण्याचा मानसिक आजार. तिच्या डोक्यातले आवाज बायनॉरल पद्धतीने रेकॉर्ड केलेत, त्यामुळे हेडफोन लावला की एक डाव्या कानाशी कुजबुजतो, दुसरा मानेमागून हसतो. "जाऊ नकोस" म्हणतात आणि तरी पुढे जायचं असतं. स्टिक पुढे दाबणं तुला रिकामं काम वाटलं, मला त्या फटीत अंगठा नेता नेता घाम फुटला होता. सिनेमात ती पुढे जाते, इथे मी तिला ढकलते.

एकास एक लढाईचंही तेच. एकाला पाडलं की श्वास घेण्याआधी दुसरा बाजूने अंगावर येतो आणि कॅमेरा कुठेही तुटत नाही. दहा जणांत उभं राहून कॉम्बो मारायची हौस असेल तर त्यासाठी दुसरे ढीगभर गेम आहेत.

कोपऱ्यातला
+१. शिवाय दर गेम साठ तासांचाच हवा हा हट्ट कशाला? नोकरी, पोरं, ईएमआय सांभाळून आठ तासांत काहीतरी पूर्ण झालं याचाच मला आनंद.

निवांत_नाना
लांबीबद्दल कोण बोलतंय? मुद्दा वेगळा आहे.

'डिअर एस्थर' आठवतोय का? २०१२ चा. स्कॉटलंडजवळच्या हेब्रिडीज बेटांतलं एक ओसाड बेट. त्यात उडी नाही, पळणं नाही, शत्रू नाही, टॉर्चसुद्धा अंधार झाला की आपोआप लागतो. चालायचं आणि कानावर पडणारी पत्रं ऐकायची, एवढंच. लोकांनी 'वॉकिंग सिम्युलेटर' म्हणून टर उडवली, पण त्याने तलवारीचं आमिष कधी दाखवलं नव्हतं. हेलब्लेड २ हातात तलवार देतो आणि वर म्हणतो, तशी ती फार महत्त्वाची नाही बरं का. धड चालणं नाही, धड लढणं नाही. मला याचा राग आहे.

द गेम अवॉर्ड्स २०२४ मध्ये याला बक्षिसं कशाची मिळाली बघा. सेनुआ साकारणाऱ्या मेलिना युर्गेन्सला अभिनयाचं आणि दुसरं ध्वनीचं. दोन्ही शंभर टक्के वाजवी. पण दोन्हींपैकी एकही माझ्या अंगठ्यांना मिळालेलं नाही.

(अवांतर: ही मेलिना हा गेम बनवणाऱ्या निन्जा थिअरी कंपनीत मुळात व्हिडिओ एडिटर होती. पहिल्या भागासाठी तिला चाचणीपुरतं उभं केलं आणि त्याच भूमिकेने तिला बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळवून दिला.)

उंबरठा
एरवी मी इथे फक्त वाचते. माझ्या धाकट्या भावाला कॉलेजपासून आवाज ऐकू येतात, औषधं चालू आहेत. पहिल्या भागाच्या वेळी केंब्रिजचे मानसोपचारतज्ज्ञ पॉल फ्लेचर आणि स्वतः हे अनुभवलेली माणसं सल्ल्याला होती हे वाचून मी बिचकत बिचकत त्याला दुसरा भाग दाखवला. दहा मिनिटं ऐकून त्याने हेडफोन काढला आणि म्हणाला, "माझेवाले इतकं स्पष्ट बोलत नाहीत गं." मग जेवायला बसलो. त्या रात्री पहिल्यांदा त्याने त्या आवाजांबद्दल आपणहून सांगितलं. गेमप्ले किती होता ते मला सांगता येणार नाही.

कोपऱ्यातला
_/\_

रात्रपाळी
उंबरठाताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि ते शोधणारही नाही.

पॅडवाली, तुझं ऐकून हेडफोन लावून पहिले दोन तास परत खेळलो. फट आता वेगळी वाटली, मान्य. चहा गार झाला.

पण मग खुमखुमी आली म्हणून २०१७ चा पहिला हेलब्लेडही काढला. त्यात तीन-चार जण एकदम घेरायचे, मागचा दिसायचा नाही आणि कानात एक आवाज ओरडायचा, "मागे!" मी न बघता बाजूला झेप घेतली, वार हुकला. तिचा आजारच तिला वाचवत होता, आणि हे मला कोणी संवादातून सांगितलं नाही, माझ्या बोटांना कळलं. शिवाय हरलात की हातावरची काळी कुज वर चढते, डोक्याला पोचली की सगळी प्रगती पुसली जाईल ही धमकी. धमकी पोकळ होती म्हणे, पण मी घाबरून खेळलो ना!

दुसऱ्या भागात समोर एकच माणूस. मग "मागे!" ओरडून करायचं काय? आवाज आधीपेक्षा सुंदर रेकॉर्ड झाले आणि नेमके बेकार झाले. नाना, तुमच्याशी इथे थोडा मतभेद. गेमप्ले कमी असण्याला माझी ना नाही. जो होता आणि कथेशी घट्ट बांधलेला होता, तोच काढला, हे खुपतं.

पॅडवाली
हा मुद्दा बरोबर आहे. हेडफोनचा माझा मुद्दाही बरोबर आहे.

निवांत_नाना
पहिला भाग सेलमध्ये कितीला मिळतो?

रात्रपाळी
अगदी स्वस्तात, घ्याच. दुसराही मी डिलीट केलेला नाही. काल मेहुणा आला होता, त्याला फोटो मोडमध्ये ते काळे किनारे दाखवत बसलो. चांगली दहा मिनिटं बघून म्हणाला, "मस्त आहे, कुठल्या ओटीटीवर आलाय?"