अनुताई वाघ: नुसती बालवाडी, की मुलींच्या शाळेची वाट?

पाटीपेन्सिल
शिक्षकांच्या मेळाव्यात अनुताई वाघांवर वीस मिनिटं बोलायचं आहे. विषय दिलाय 'शिक्षणातली स्त्री-पुरुष समता'. पण जिथे पाहावं तिथे त्यांची ओळख बालशिक्षणतज्ज्ञ अशीच: डहाणूजवळचं कोसबाड, बालवाडी, १९८५ ची पद्मश्री, संपलं. मुलींच्या समतेशी हे काम थेट कुठे जोडता येतं? आणि त्यातलं आज एखाद्या पाड्यावर करण्यासारखं काय आहे? हाताला लागेल असं सांगा.

ओसरी
थेट जोड 'विकासवाडी'त आहे. भाषणातली निम्मी वेळ तिलाच द्या.

डहाणू तालुक्यातल्या वारली पाड्यावरची आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेत का येत नव्हती? आईबाप मजुरीला गेलेले, तान्हं भावंड हिच्या कडेवर. मुलगे गुरांमागे. अशा वेळी पटावर नाव घालून आणि घरोघरी समजावून काही साधत नाही. तिच्या कडेवरचं मूल आधी कुणीतरी घ्यायला हवं. म्हणून कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, हीच विकासवाडी. ताई, म्हणजे ही मोठी बहीण, भावंडांसकट येणार. तान्हं पाळणाघरात, मधलं बालवाडीत आणि ती स्वतः वर्गात. गुराख्यांसाठी शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा.

याची सुरुवात १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातल्याच बोर्डीला झाली. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' ती हीच. १९७५ ला सरकारी एकात्मिक बालविकास योजना आली, तेव्हा केंद्रांना हेच नाव मिळालं. १९५७ मध्ये काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं.

अनुताईंचं स्वतःचं शिक्षणही सांगा, पण हळहळ न लावता. जन्म १९१० चा. बालविवाह, लगेच वैधव्य. मग शिक्षिकेचं प्रशिक्षण, खेड्यात आणि पुढे पुण्यात हुजूरपागा या मुलींच्या शाळेत नोकरी, दिवसा शिकवून रात्रशाळेतून १९३७ ला मॅट्रिक, आणि पन्नाशी उलटल्यावर बी.ए. घरकामामुळे, लग्नामुळे अडलेली मुलगी नंतरही शिकू शकते, फक्त शाळेनं तिच्या वेळेला उघडं असायला हवं. रात्रशाळा आणि कुरणशाळा एकाच माळेत बसतात, ते इथे.

शिंपले
दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे आज काय करायचं, त्याचं उत्तर देतो.

जागा: पाळणाघर शाळेच्या आवारात, पण वर्गाच्या भिंतीला लागून नको. तान्ह्याचं रडणं ऐकू आलं की ताई उठून जाते. फार लांब असेल तर ती त्याला सोडतच नाही. हाकेच्या अंतरावर, मध्ये एखादी खोली, हे उत्तम. सुरुवातीचे काही दिवस ताईला पाळणाघरातच बसू द्या. मूल त्या बाईकडे रुळलं की ती आपोआप वर्गात येते. घाई केली तर दोघंही घरी.

माणसं: सांभाळणारी बाई पाड्यावरचीच, मुलांची बोली बोलणारी. एकटी नको, कारण ती एकाला धुवायला गेली की बाकीची वाऱ्यावर. तीन वर्षांखालच्या पाच-सहा मुलांमागे एक बाई धरा. त्याहून जास्त मुलं झाली की पहिली हाक ताईलाच जाते आणि सगळा खटाटोप फुकट.

वेळ: इथेच बहुतेक प्रयत्न फसतात. आईबाप कामाला निघायच्या आधी पाळणाघर उघडलं पाहिजे. शाळा अकराला आणि पाळणाघरही अकराला, असं केलं तर सकाळभर मूल मुलीकडे, आणि मग ती दिवसभरच येत नाही.

साहित्य: कोसबाडला महागड्या माँटेसरी साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या वापरल्या. आजही चालतात. काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या सुतळीनं बांधा आणि सुट्या बाजूला ठेवा. तीन जुड्या, चार सुट्या: चौतीस. मूल जुडी सोडून परत मोजतं, तेव्हा दशक त्याच्या हाताला कळतं. मात्र बिया-चिंचोके पाळणाघरात जाऊ देऊ नका, तान्ही मुलं तोंडात घालतात.

पाटीपेन्सिल
छान. पण अंगणवाडी गावोगाव आहे, मग हा प्रश्न सुटला नाही का?

ओसरी
अर्धाच. अंगणवाडीतलं पूर्वप्राथमिक शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याखालच्यांना पोषण आहार आणि लसीकरण मिळतं, पण दिवसभर सांभाळ बहुतेक ठिकाणी नाही. म्हणजे नेमकं कडेवरचं मूल बाहेरच राहतं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा हक्क ६ ते १४ वयाचा. कलम ११ मध्ये पूर्वप्राथमिकची सोय सरकार 'करू शकेल' एवढंच आहे, सक्ती नाही. हे मेळाव्यात जरूर बोला.

एक तरतूद मात्र लोकांना ठाऊक नसते. मनरेगा या ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या अनुसूची २ प्रमाणे कामाच्या जागी पाच वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं, आणि तिला मजुरी द्यायची. ग्रामपंचायतीकडे लेखी मागा, तोंडी मागणी हवेत विरते. नियम असूनही बाई नेमलेली दिसत नाही, याचा राग यायलाच हवा.

जुना अंक
श्रेय देताना बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांना विसरू नका. बोर्डीचं केंद्र आणि विकासवाडीची कल्पना त्यांची, अनुताई सुरुवातीपासून सोबत. १९७३ ला ताराबाई गेल्यावर धुरा अनुताईंनी वाहिली, आणि १९८२ मध्ये शिक्षणतज्ज्ञ रमेश पानसे यांच्यासोबत 'ग्राममंगल' ही संस्था उभी केली. शिवाय कोसबाड तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, पालघर जिल्हा २०१४ चा. भाषणात 'ठाणे' म्हणालात तर कुणीतरी टोकणारच, म्हणून दोन्ही सांगा.

शिंपले
हजेरीपटात एक रकाना वाढवायला सांगा: 'घरी कुणाला सांभाळते?' भाताची कापणी उरकून कुटुंबं वीटभट्ट्यांकडे जायच्या आत तो भरून घ्या. नंतर विचारायला मुलगीच गावात नसते.