मदत हवी आहे: ऐरोलीच्या गच्चीवरून लाल बटूभोवतीचा ग्रह टिपायचाय

नमस्कार मंडळी, माझ्याकडे ८ इंची दुर्बीण आणि मोनो (कृष्णधवल) कॅमेरा आहे, आणि या सीझनला ग्लीझ ४३६ चं अधिक्रमण, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाणं, टिपायचंच असं ठरवलंय. सिंह राशीतला लाल बटू (सूर्याहून लहान, थंड, लालसर तारा), साधारण ३२ प्रकाशवर्षांवर, प्रत (तेजाचं माप) १०.६ च्या आसपास. त्याचा नेपच्यूनएवढा ग्रह २.६४ दिवसांनी समोरून जातो आणि तासाभरासाठी उजेड जेमतेम ०.७ टक्के कमी होतो. तारा सूर्याच्या निम्म्याहून लहान म्हणून निदान एवढं तरी दिसतं, सूर्यासमोरून पृथ्वी गेली तर ०.००८ टक्केच!

अडचण अशी की खाडी जवळ, त्यामुळे रात्री दमट हवा, वर एलईडी दिव्यांचा उजेड. लाल फिल्टर लावला तर ताऱ्याचा प्रकाश चांगला मिळतो, पण तुलनेला घेतलेले शेजारचे तारे पिवळे-पांढरे, मग तारा पश्चिमेला कलायला लागला की मधली हवा वाढते, ती निळा प्रकाश लालपेक्षा जास्त अडवते, म्हणून दोघांचा उजेड वेगवेगळ्या प्रमाणात घटतो आणि आलेख आपोआप तिरका होतो, त्यात ०.७ टक्क्यांचा खड्डा कुठला आणि हवेचा खेळ कुठला हे कळतच नाही. मी फोकस थोडा मुद्दाम बिघडवून एक्स्पोजर वाढवतो, त्याने बराच फरक पडला.

ठाणे-नवी मुंबईत कोणी हे केलंय का? फिल्टर कोणता वापरलात, आणि तुलनेचे तारे रंग बघून निवडता की प्रत बघून? का सरळ शहराच्या उजेडापासून लांब वांगणीलाच सामान न्यावं? कोणी सोबत येणार असेल तर फारच उत्तम.