विम्याचे सहा लाख आलेत, देणं जास्त आहे. आधी कुणाचं फेडू? (सोलापूर)

मागवाली
नमस्कार. माझे यजमान दिवाळीनंतर अचानक गेले. हार्ट अटॅक, वय ४४. अशोक चौकाजवळ आमचे चार माग आहेत, टेरी टॉवेलचे. एलआयसीचे सहा लाख परवा खात्यात जमा झाले. देणं असं: बँकेचं मागावरचं कर्ज ४ लाख ८० हजार, पतसंस्था १ लाख ९० हजार (धाकटे दीर जामीन), माझ्या नावावरचं सोनेतारण १ लाख २० हजार, सूतवाल्याचे आणि हातउसने मिळून ९० हजार. मी खासगी शाळेत क्लार्क, हातात १४ हजार येतात. मुलं दोन, थोरली बारावीला. दीड लाख मला बाजूला ठेवायचेच आहेत, म्हणजे द्यायला साडेचार. आधी कोण? नवीन गुंतवणूक कृपया सुचवू नका.

जुळेसोलापूरकर
वहिनी, वाईट वाटलं वाचून. तरी स्पष्ट सांगतो, माग भंगारात काढा आणि सगळे पैसे कुंभारीकडे प्लॉटमध्ये घाला. आमच्या वडिलांनी जुळे सोलापुरात जागा घेतली तेव्हा सगळे वेड्यात काढत होते. आज त्याच जागेवर दोघा भावांची घरं उभी आहेत. कर्ज हळूहळू फिटतं.

विडीघरकुल_सुनंदा
ताई, सोनं आधी सोडवा, बाकीचे थांबतील. माझ्या सासूबाईंच्या पाटल्या लिलावात गेल्या. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली म्हणे. आम्ही पैसे घेऊन गेलो तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, पाटल्या गेल्या. आजच्या भावात तसल्या पाटल्या परत होतील का? पत्ता आणि मोबाइल नंबर बदलला असेल तर आजच कळवा.

माजी_शाखाधिकारी
ताई, एक रुपयाही देण्याआधी दोन कामं करा.

पहिलं, यजमानांच्या बचत खात्याचं पासबुक छापून घ्या आणि मे-जूनच्या नोंदी बघा. ४३६ रुपये वजा झालेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती योजना. मृत्यू कसाही होवो, वारसदाराला २ लाख मिळतात. नुसते २० रुपये वजा असतील तर ती सुरक्षा योजना, ती अपघातापुरतीच. खातं असलेल्या शाखेतच दावा करायचा: मृत्यू दाखला, दाव्याचा फॉर्म, तुमचं केवायसी, रद्द केलेला चेक. कित्येक घरांना हा विमा आहे हेच माहीत नसतं.

दुसरं, मागाच्या कर्जाचं मंजुरीपत्र मागा. कर्ज देताना विम्याचा हप्ता कापला असेल तर विमा कंपनी कर्ज भागवते. शाखा आपणहून सांगेल याची वाट बघू नका.

आणि वरच्या प्लॉटवाल्या भाऊंसाठी: माग बँकेकडे नजरगहाण असणार, म्हणजे ताबा ताईंचा पण तारण बँकेचं. बँकेच्या लेखी परवानगीशिवाय भंगारात काढले तर ताईंवरच प्रकरण येईल.

साखरपेठ_दादा
बायकोला नवऱ्याचं कर्ज फेडायची गरजच काय? कायदा सांगतो, वारसाची जबाबदारी वारशात जे मिळालं तेवढ्यापुरती. माझ्या चुलत्यांच्या वेळी आम्ही सरळ हात वर केले, कुणी काही करू शकलं नाही.

वकिलीण_सातरस्ता
दादा, अर्धंच सांगताय. वारसाचं बरोबर आहे. पण ताईंनी सहकर्जदार म्हणून सही केली असेल तर त्या स्वतःच कर्जदार. आणि जामीनदार तर सुटतच नाही, त्याची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला काढते आणि मग जामीनदाराच्या पगारातून कपात सुरू होते. ताई, कागद काढून आपली सही कुठे कुठे आहे ते आधी बघा.

साखरपेठ_दादा
पतसंस्था जास्त त्रास देत असेल तर रिझर्व्ह बँकेकडे तक्रार टाका.

वकिलीण_सातरस्ता
पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत नाही, सहकार खात्याच्या आहे. तक्रार उपनिबंधकांकडे. आणि हातउसन्यांत कुणी विनापरवाना व्याजाचा धंदा करणारा असेल, कोरे चेक किंवा स्टॅम्प घेऊन बसला असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडेच करायची.

टॉवेलवाला
मी स्वतः सहा माग विकले आणि सुटलो. सूत महाग, वीज महाग, कामगार मिळत नाही. चादरवाले तरी कसेबसे तग धरून आहेत.

चादर_नवीपेठ
कोण म्हणालं चादरवाले बरे आहेत? बाहेरचा माल सोलापुरी म्हणून खपतोय, जीआय (भौगोलिक मानांकन) मिळून आम्हाला काय फायदा झाला? टॉवेलला निदान हॉटेलच्या ऑर्डरी तरी असतात.

टॉवेलवाला
कसल्या ऑर्डरी? पेमेंट कधी येतं ते विचारा एकदा.

विडीघरकुल_सुनंदा
अहो, भांडणं नंतर. ताई, पासबुकात ४३६ ची नोंद नक्की बघा. आमच्या गल्लीत एकीला असेच मिळाले. आणि सोनं आधी!

गणित_मास्तर
ज्याचं व्याज जास्त ते आधी, एवढं साधं आहे. पतसंस्था बहुतेक सगळ्यात महाग असेल, मग सोनं, मग बँक. हातउसने बिनव्याजी असतील तर अगदी शेवटी. यजमान आधी कुठे नोकरीला होते का? जुना पीएफ पडून असेल तर फॉर्म २० भरा. आणि मृत्यू दाखल्याच्या भरपूर प्रती महापालिकेतून एकदाच काढून घ्या, प्रत्येक ठिकाणी मूळ प्रत मागतात.

मागवाली
सगळ्यांचे आभार. पासबुक छापून आणलं. जूनच्या पहिल्याच ओळीत ४३६ आहेत! दाव्याचे कागद शाखेत दिले. ते लग्नाआधी एमआयडीसीत कामाला होते, तिथला पीएफही बघते. मागाच्या कर्जावर मात्र विमा नव्हता.

मी ठरवलंय ते असं. पतसंस्था पूर्ण. धाकट्या दिरांचं लग्न ठरतंय, त्यांच्या पगाराला माझ्यामुळे हात लागता कामा नये. त्यानंतर सूतवाले आणि हातउसने, सगळे. मास्तर, ते बिनव्याजीच आहेत, पण सूतवाल्याने यजमान गेल्यावरही महिनाभर बाचकी पाठवली, एका शब्दाने पैसे मागितले नाहीत. त्याला शेवटी कसं ठेवू? सोनं सोडवत नाही, व्याज वेळेवर भरत राहीन. सुनंदाताई, पत्ता आणि नंबर मात्र बदलून आले.

माग विकणार नाही. शेजारचे काका दोन माग मजुरीवर चालवायला तयार आहेत, उरलेले दोन तूर्त बंद. बँकेकडे हप्ता कमी करून मुदत वाढवायचा अर्ज दिलाय.

टॉवेलवाला
वहिनी, मागात अडकू नका. पुढच्या वर्षी हेच माग आणखी कमी किमतीला जातील.

मागवाली
दादा, तुमचं पटतं. पण ते चालवणारा माणूस गेला म्हणून लगेच शेडला कुलूप घालायची माझी तयारी नाही. वर्षभर बघते.

माजी_शाखाधिकारी
ताई, बँकेला दिलेल्या अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारीख असू द्या. विम्याचे २ लाख आले तर बँकेत भरायच्या आधी हप्ता किती कमी होतो ते लेखी घ्या.

वकिलीण_सातरस्ता
पतसंस्थेत पैसे भरलेत की त्याच दिवशी बेबाकी दाखला (काही देणं उरलं नाही असा) मागा. कर्ज घेताना दिरांनी कोरे चेक दिले असतील तर तेही मोजून परत घ्या, आणि त्यांना सोबत घेऊन जा.