पूरग्रस्त बचत गटांवरचा शोधनिबंध कुठे छापावा? (समाजकार्य, बजेट ४,००० रुपये)

शिरोळची_पायवाट
नमस्कार. कोल्हापुरात समाजकार्य विभागात सहयोगी प्राध्यापक आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर शिरोळ तालुक्यात महिला बचत गटांच्या कर्जफेडीचं काय झालं, याची १८० कुटुंबांची पाहणी पूर्ण आहे. प्राध्यापकपदाच्या प्रस्तावाला एक निबंध कमी पडतोय. विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) मान्य नियतकालिकांची केअर यादी बंद झाल्यापासून कुठलं नियतकालिक धरावं कळेना. मुदत आठ महिने, खर्च जास्तीत जास्त ४,००० आणि तोही खिशातून. भाषा इंग्रजीच हवी असं नाही.

राजारामपुरी_सातवी
मॅडम, सरळ स्कोपस (निवडक शोधनियतकालिकांची आंतरराष्ट्रीय सूची). मुक्त प्रवेशाचं, म्हणजे लेख सगळ्यांना मोफत वाचता येणारं नियतकालिक घ्या, फी पाच आकडी बसेल पण काम पक्कं. प्राध्यापकपदाला पैशाकडं बघू नये.

ग्रंथालय_दुसरा_मजला
वर ४,००० लिहिलंय, पाच आकडी कुठून आणायचे? आणि स्कोपस म्हणजे फी हे समीकरणच चुकीचं. वर्गणीवर चालणारी बरीच नियतकालिकं लेखकाकडून काही घेत नाहीत. फी लागते ती लेख सर्वांना मोफत उघडा ठेवायचा असेल तर.

कुठलंही नाव धरण्याआधी एवढं बघा. स्कोपसच्या स्रोतयादीत नाव सापडलं म्हणून थांबू नका, त्यापुढचं ‘समावेशाची वर्षं’ वाचा. बऱ्याच ठिकाणी समावेश मध्येच थांबलेला असतो आणि संकेतस्थळावर मात्र स्कोपसचा शिक्का तसाच झळकतो. दुसरं, संकेतस्थळाचा पत्ता त्या यादीतून किंवा आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) पोर्टलवरून उघडा, ईमेलमधल्या दुव्यावरून नाही. जुन्या, नावाजलेल्या नियतकालिकांची हुबेहूब बनावट संकेतस्थळं काढून फी उकळतात. तिसरं, मागच्या अंकातल्या दोन लेखांचे डीओआय (प्रत्येक लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) टाकून बघा. त्याच लेखावर पोहोचले नाहीत तर विषय संपला.

पंचगंगा_घाट
हेच सांगणार होतो. आयएसएसएन म्हणजे गाडीची नंबरप्लेट, इंजिन चालतंय की नाही ते त्यावरून कळत नाही. आणि ‘७२ तासांत स्वीकृती’वाल्यांपासून लांब राहा. एकाच अंकात नॅनो तंत्रज्ञान, संतसाहित्य आणि पोल्ट्री दिसली की टॅब बंद करा. इम्पॅक्ट फॅक्टर (लेखांना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा) म्हणून जे काही छापतात त्यातला क्लॅरिव्हेट कंपनीचा तेवढाच खरा.

राजारामपुरी_सातवी
म्हणूनच म्हणतोय स्कोपस.

नियमावली_२०१८
प्रस्तावाचा हिशोब कुणीच सांगितला नाही. २०१८ च्या यूजीसी विनियमांत प्राध्यापकपदाला १० शोधनिबंध आणि ११० संशोधन गुण लागतात, त्यातले ३ निबंध मूल्यांकन काळातले. सामाजिक शास्त्रांत एका निबंधाला १० गुण. लेखक दोघं असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. तिघं किंवा जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्यांना ३०-३०. म्हणजे सहकाऱ्याचं नाव ‘असू दे’ म्हणून घातलंत की १० चे ७ होतात. शब्दरचना ‘समकक्ष-परीक्षित (म्हणजे विषयातल्या तज्ज्ञांनी तपासलेल्या) किंवा यूजीसी-सूचीतील’ अशी आहे, स्कोपस अनिवार्य नाही.

संशोधन गुणांच्या सहा प्रकारांपैकी किमान तीन प्रकारांतून गुण यावे लागतात, ही अट शेवटच्या आठवड्यात लक्षात येते. तुमच्या पाहणीवरून राज्य शासनाला धोरण-टिपण दिलंत तर ४ गुण आहेत. आवक क्रमांकासह पोच घ्या. धोरण-टिपणं आणि निमंत्रित व्याख्यानं मिळून एकूण गुणांच्या ३० टक्क्यांपुढे मोजत नाहीत.

भूईंज_ते_भुदरगड
छापायचं नंतर बघू, आधी निबंध परीक्षकासमोर टिकेल का ते बघा. पुराची तीव्रता कशी मोजलीत? कोल्हापूरजवळच्या, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी लावली असेल तर काढून टाका. ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे आकडे वरच्या अंगाला, कोल्हापूर शहराला उपयोगी. शिरोळ पडतं खाली, नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा मिळतात आणि फुगवट्याचं पाणी गावात साचून राहतं. त्यामुळं प्रत्येक घरासाठी दोनच रकाने करा: भिंतीवरचा पाण्याचा डाग जमिनीपासून किती फूट, आणि पाणी घरात किती दिवस. कर्जफेड अडते ती मुख्यतः दिवसांमुळं. तेवढे दिवस मजुरी बंद, जनावरं दुसऱ्या गावात, दूध डेअरीला नाही.

दुसरी अडचण मोठी आहे. गटाची खतावणी बघून हप्ते उतरवले असतील, तर ज्या गटांच्या वह्या पुरात भिजून गेल्या ते नमुन्यातून आपोआप गळले. म्हणजे सगळ्यात जास्त बुडालेलेच गट पाहणीत नाहीत आणि परतफेड आहे त्याहून बरी दिसते. बँकेच्या खातेउताऱ्यावरून तेवढे गट परत जोडता येतात. नाही जमलं तर किती गट गळले तो आकडा मर्यादांत स्पष्ट लिहा.

ग्रंथालय_दुसरा_मजला
फार मोलाचं. नीतिसमितीच्या मंजुरीचा क्रमांकही पद्धतीच्या भागात द्या. ती मागाहून मिळत नाही.

देवनागरी_टंक
मराठीत छापायचा विचार असेल तर सोडून द्या, फार ताप आहे. छापखान्याला श्रीलिपी (छपाईची जुनी, युनिकोड नसलेली टंकपद्धत) लागते. मजकूर युनिकोडमधून तिकडं गेला की ‘दुसऱ्या’मधला ऱ्य आणि ‘वर्षा’वरचा रफार हमखास तुटतो. उलट बाजूनंही गोची: श्रीलिपीतली फाईल साम्यता तपासणीला (नक्कल शोधायला) दिली तर सॉफ्टवेअरला ती रोमन अक्षरांचा कचरा दिसते आणि साम्य शून्य येतं. समिती ते मान्य करत नाही. तपासणी युनिकोड फाईलवरच करा आणि तो अहवाल जपा. १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही, संदर्भसूची वगळून.

पंचगंगा_घाट
आता बरेच छापखाने युनिकोडच घेतात हो. इनडिझाईनमध्ये मांडणीचं इंजिन बदललं की रफार नीट बसतो.

देवनागरी_टंक
बरेच घेतात, सगळे नाही. मुद्रितशोधन स्वतः केल्याशिवाय सोडू नका.

राजारामपुरी_सातवी
मराठीतलं कोण वाचणार? इंग्रजी, स्कोपस.

एमएसडब्ल्यू_९८
इंग्रजीच. ‘इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क’ बघा, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं, १९४० पासूनचं. आमच्या विषयात त्याला तोड नाही. आठ महिन्यांत होईल का, ते मात्र आधी संपादकांना विचारून घ्या.

शिरोळची_पायवाट
सर्वांचे मनापासून आभार. ठरवलंय: मराठीतच देते, समकक्ष परीक्षण असलेल्या त्रैमासिकात. माझ्या १८० घरांतल्या बायकांना इंग्रजी लेख वाचता येणार नाही आणि आकडे त्यांचेच आहेत. त्या त्रैमासिकाला फी नाही. ४,००० रुपयांत चार पानी घडीपत्रिका छापून गटांच्या बैठकीत वाटणार. रकाने बदलतेय, गळालेल्या गटांचे खातेउतारे मागवलेत. धोरण-टिपणही देते.

नियमावली_२०१८
मग परीक्षकांचे अभिप्राय ईमेलनंच मागा आणि छापून ठेवा. छाननी समिती मराठी नियतकालिकाला पहिला प्रश्न तोच विचारते. स्वीकृतीपत्र चालत नाही, छापलेला अंक लागतो. मुखपृष्ठ, संपादक मंडळाचं पान आणि अनुक्रमणिका, तिन्हींच्या प्रती जोडा.

देवनागरी_टंक
घडीपत्रिकेला १४ पॉइंटच्या खाली टंक घेऊ नका. आणि कर्जफेडीचा तक्ता रुपयांत द्या, टक्क्यांत नको.